माझ्या नावाचा माणूस

"मिस्टर प्रॅट, छत्री राहिली तुमची!" खानावळीतला वाढपी मागून ओरडला, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एका धिप्पाड माणसानं कालवांच्या सूपातला चमचा तोंडाशीच थांबवून माझ्याकडे पाहिलं. एवढंच झालं. शनिवारची दुपार, नोव्हेंबर महिना, पिट्सबर्गच्या धुरानं बारा वाजताच दुकानांतून दिवे लावायला लावलेले. शाळेतल्या मुलींच्या लॅटिनच्या वह्या काखेत, डोकं दुखतंय, घरी जाऊन पडावं म्हणून निघालेला मी. छत्री घ्यायला वळलो तर तो माणूस उठून उभा. उजवा पाय काठीसारखा ताठ. "प्रॅट? हॅलोवेल कॉलेजचा? फुटबॉलच्या टीमातला लायमन प्रॅट?" हा प्रश्न मला नवा नव्हता. पाच वर्षांत तो मी ओळखीचा करून घेतला होता. तो कधी येतो, त्याला काय उत्तर द्यायचं, सगळं ठाऊक झालं होतं. "हो," मी म्हटलं. तो लंगडत जवळ आला, माझे खांदे बघितले, मनगटं बघितली, छातीवरचं जाकीट कसं लोंबतंय तेही बघितलं. "हा माझा गुडघा लायमन प्रॅटनं मोडला," तो म्हणाला. "त्र्याण्णव सालची थँक्सगिव्हिंगची मॅच. पण तू काही तो नव्हेस." आणि मी काय बोललो असेन? सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी म्हटलं, "तेव्हा वजन जास्त होतं माझं. टायफॉईडमध्ये उतरलो."

बघा म्हणजे! सवय ही अशी असते. कुणी मागितलं नाही, गरज नाही, तरी खोटं तोंडातून आपोआप बाहेर, जसा शिंकेला हात तोंडावर जातो. मी स्वतःवर इतका संतापलो की छत्रीची मूठ दाबून दाबून तळवा दुखायला लागला. टायफॉईड म्हणे! दोनशे दहा पौंडांचा माणूस टायफॉईडमध्ये पाच इंच बुटका पण होतो काय रे? तो माणूस मात्र हसत होता. त्यानं समोरची खुर्ची पायानं ढकलली आणि म्हणाला, "बस. सूप मागव. मला त्या माणसाबद्दल विचारायचंय." मी बसलो. पळून जायला हवं होतं, आजवर पळतच आलो होतो, पण बसलो.

त्या वर्षी सप्टेंबरात पहिली मॅच आम्ही चाळीस-शून्यनं हरलो. आम्ही म्हणजे कॉलेज. मी कधी त्या मैदानाच्या दोरीपलीकडे गेलो नव्हतो. एकशे अठरा पौंडांचा, पाळकाचा मुलगा, शिष्यवृत्तीवर शिकणारा, सकाळच्या प्रार्थनेत पुढच्या बाकावर बसणारा. माझ्याशी कुणी बोलत नसे असं नाही, बोलत. लॅटिनचं भाषांतर हवं असलं की बोलत. फुटबॉलवाल्यांची तर वेगळीच जात. डोक्याला मार लागू नये म्हणून सगळ्यांनी उन्हाळ्यापासून केस वाढवलेले, त्या झिपऱ्या मिरवत ते जेवणघरात वेगळ्या टेबलावर बसून अर्धकच्चं मांस खायचे आणि आम्ही बाकीचे बटाटे चिवडत त्यांच्याकडे बघायचो. त्यांचा कप्तान रोलंड शॅटक आणि मॅनेजर थॉर्नटन व्हान्स, दोघे एक दिवस माझ्या खोलीवर आले. माझ्या खोलीवर! मी खुर्चीवरची पुस्तकं काढायला धावलो. व्हान्स बसला नाही. म्हणाला, "प्रॅट, लेका, कॉलेजसाठी एक काम करशील? अंगाला तोशीस नाही. फक्त नाव पाहिजे."

मॅचच्या आधी दोन्ही टीमांनी खेळाडूंची यादी द्यायची, प्रत्येक नाव कॉलेजच्या पटावर असलंच पाहिजे, समोरच्यांनी मागितला तर दाखला दाखवायचा, असा नियम. व्हान्सनं वीस मैलांवरच्या खोऱ्यातला एक कोळसा खाणीतला माणूस हेरला होता. एकटा भरलेली खाणगाडी रुळावर उचलून ठेवतो अशी त्याची ख्याती. त्याला खेळवायचा तर पटावरचं एक नाव हवं, असं की ज्याला बाहेरचं कुणीही ओळखत नाही. "आम्ही सगळा पट चाळला," शॅटक म्हणाला, "तुझ्याइतकं कुणाच्याही खिजगणतीत नसलेलं दुसरं नाव सापडेना." हे त्यानं कौतुकानं सांगितलं हो! आणि मी? मी खूश झालो. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते. मला विचारावंसं वाटलं की माझी जागा त्या टेबलावर होईल का, पण मी न विचारताच व्हान्स म्हणाला, "रविवारी आमच्या टेबलावर जेवायला ये." दोन तुकडे कच्च्या मांसावर मी माझं नाव दिलं. आणि एक अट होती: मॅचच्या दिवशी मी खोलीबाहेर पडायचं नाही. एका मैदानावर दोन प्रॅट दिसता कामा नयेत.

"तू हसतोस काय?" मी त्या लंगड्या माणसाला विचारलं, कारण मी हे सगळं त्याला सांगत होतो. कधी सुरुवात केली मला कळलंच नव्हतं. तो म्हणाला, "पुढं बोल."

गॉमर बेव्हन त्याचं नाव. वेल्समधून आईबापांबरोबर आलेला, सव्वीस वर्षांचा, कोळशाचे निळे चट्टे कपाळावर गोंदल्यासारखे. शनिवारी सकाळच्या गाडीनं यायचा, पहिल्यांदा माझ्या खोलीवर, कारण त्याला प्रॅट करायचं काम माझ्याकडे. समोरच्यांनी काही विचारलंच तर काय शिकतोस, बाप काय करतो, हे घोकून घ्यायचं. मी त्याला लॅटिनची एक ओळ शिकवली. तो माझ्या पलंगावर बसायचा, पलंग कुरकुरायचा, आणि खर्जातल्या आवाजात ती ओळ म्हणायचा, इतकी सुंदर की वर्गात तशी मी कधी ऐकली नव्हती. "अर्थ काय रे हिचा, पंतोजी?" मी सांगितलं, की योद्ध्याला आपली जखम दिसत नाही असं काहीसं. "बावळटच आहे मग तो योद्धा," गॉमर म्हणाला. "खाणीत असा माणूस दोन दिवस नाही टिकायचा." एकदा मी त्याच्यापुढं सफरचंदाची दारू ठेवली, पाहुणचार म्हणून. त्यानं पेला हलकेच सरकवला. "आमच्या चॅपेलात शपथ घेतलीय मी. बाराव्या वर्षी. चॅपेलचा कारभार बघणारे आमचे वडीलधारे लांबून वास ओळखतात." चॅपेलच्या गायकांत सगळ्यात खालचा आवाज त्याचा होता, आणि त्याचा त्याला जेवढा अभिमान, तेवढा खाणगाडी उचलण्याचा नव्हता. मॅचचे त्याला मिळायचे ते पाच डॉलर चॅपेलला ऑर्गन घ्यायचा होता त्यासाठी द्यायचा. चॅपेलात मात्र सांगितलं नव्हतं की पैसे कुठून येतात. दुसऱ्याचं नाव लावणं म्हणजे खोटं बोलणं, हे त्याला कळत होतं. "ऑर्गन आला की देवाला एकदम सगळं सांगून टाकीन," म्हणायचा.

मग तो जायचा आणि मी खिडकी लावून बसायचो. मैदान खोलीमागं, टेकडीच्या उतारावर. दिसायचं काही नाही, ऐकू सगळं यायचं. आमची पाचर निघायची तेव्हा जमिनीतून आवाज यायचा. दहा जण एकमेकांच्या कमरेचे पट्टे धरून पाचरीसारखे टोकदार जमायचे, चेंडूवाला आत, आणि सगळे मिळून धावत समोरच्यांच्या अंगावर. पाचरीचं टोक म्हणजे गॉमर. आणि मग ते सुरू व्हायचं: "प्रॅट! प्रॅट! प्रॅट!" हजार माणसं माझं नाव ओरडताहेत आणि मी खोलीत, मांडीवर चादर घेऊन, हातात लॅटिनचं व्याकरण. पहिल्या शनिवारी घाम फुटला. दुसऱ्या शनिवारी कान टवकारले. तिसऱ्या शनिवारी मी आरशासमोर उभा राहिलो. हो, राहिलो! वर्तमानपत्रात छापून यायचं, "प्रॅटच्या धडकेपुढं कुणाची मात्रा चालली नाही," ते कात्रण मी आईला पाठवलं. आईनं उलट लिहिलं, बाळा, डोकं सांभाळ. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात. माझ्या हाती कथलसुद्धा नव्हतं. पाच मॅच जिंकलो. राहिली थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतली, ब्रॅडिश कॉलेजशी.

"ती मला सांगू नकोस," लंगडा म्हणाला. "ती मी पाहिलीय. तू नाही पाहिलीस." हे खरं होतं. त्यानंच सांगितली. मैदान गोठलेलं, वर गवताचा पेंढा टाकलेला. शेवटली दहा मिनिटं, सहा-सहा. पाचर आली. ती फोडायची तर टोकाच्या पायात जाऊन आडवं पडायचं, आणि ते काम याचं. हा पडला. गॉमरचा खांदा याच्या गुडघ्यावर बसला, गुडघा उलटा गेला, आणि त्या दोघांवर बाकीचे वीस जण कोसळले. "माझा गुडघा मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि त्याच्यामागं आणखी एक आवाज ऐकला. तो माझा नव्हता. तो माणूस माझ्या छातीवर होता, त्याचं तोंड माझ्या कानाशी. तो म्हणाला, 'भाऊ, माझे पाय कुठायत?' चार माणसांनी त्याला बाजूला पेंढ्यावर ठेवलं आणि पुढची पाचर जमली. तुम्ही जिंकलात. दहा-सहा."

मी त्याच वेळी खोलीत टाळ्या वाजवत होतो. एकटा.

डॉक्टरनं वेदना सहन व्हाव्यात म्हणून गॉमरला व्हिस्की पाजली, तोंडात मावेना तेवढी, शर्टावर सांडली. त्याचं नाव विचारलं तेव्हा शॅटकनं सांगितलं, लायमन प्रॅट. मग व्हान्सच्या लक्षात आलं की प्रॅट जखमी झाला तर प्रॅटच्या घरी तार जाणार, आणि घरचे धावत आले तर पलंगावर भलताच प्रॅट सापडणार. संध्याकाळच्या गाडीनं दोन पोरांनी गॉमरला खोऱ्यात नेऊन स्टेशनच्या बाकावर ठेवलं आणि स्टेशनमास्तरला सांगितलं, सुट्टीची चढवून गाडीतून पडला बिचारा. अंगाला वास होताच. वडीलधाऱ्यांनी तो लांबून ओळखला.

आणि सोमवारी सकाळी व्हान्स माझ्या खोलीवर पट्टी घेऊन आला. पांढरी, चांगली रुंद. "डोकं पुढं कर," म्हणाला. "प्रॅटला लागलंय हे हजार लोकांनी पाहिलंय." मी डोकं पुढं केलं. त्या झिपऱ्यांच्या टोळीत मी एकटा चापून चोपून भांग पाडणारा, तर भांगही झाकला गेला. प्रार्थनेला मी लंगडत गेलो, कुठल्या पायानं लंगडायचं हे जिन्यात ठरवलं. सगळे उठून उभे राहिले, खरं ठाऊक असलेलेसुद्धा. अध्यक्षमहाशय, पांढरी दाढी, त्यांनी माझ्या पट्टीवर हात ठेवून देवाचे आभार मानले की त्यानं आमच्या लायमनला राखलं. पट्टीखाली माझं डोकं धडधाकट होतं, एक ओरखडा नव्हता, आणि मी मान खाली घालून आमेन म्हटलं. आमेन! कुणाला काय म्हणायचं, व्हान्स नीच होता, शॅटक नीच होता, आणि आज शॅटक राज्याच्या विधिमंडळात बसून तरुणांच्या चारित्र्यावर भाषणं ठोकतो. पण पट्टी कुणी खिळे ठोकून बसवली नव्हती. मला ती काढता आली असती. दोन बोटांचं काम.

फेब्रुवारीत ती आली. ब्लॉडवेन, गॉमरची बायको. चिखलानं भरलेले बूट जिन्याखाली काढून, मोज्यांवर वर आली. काळी शाल, हात धुण्याच्या पाण्यानं चिरलेले. बसा म्हटलं तर बसली नाही. "तुम्हीच ते पंतोजी ना? गॉमर म्हणायचा, भला माणूस आहे." गॉमर आता कमरेखाली लाकूड झाला होता. तो खरं काय ते वडीलधाऱ्यांना सांगत होता, की मी प्यायलो नाही, मी अमक्याच्या नावानं खेळत होतो. वडीलधाऱ्यांनी शहानिशा करायची म्हणून कॉलेजला पत्र लिहिलं, आणि अध्यक्षांनी स्वहस्ते उत्तर दिलं: बेव्हन नावाचा कुणी आमच्याकडे खेळलेला नाही, लायमन प्रॅट आमचा विद्यार्थी असून जखमेतून पूर्ण बरा झाला आहे. म्हणजे गॉमर दारुडा तर होताच, वर खोटारडाही ठरला. भर चॅपेलात त्याचं नाव पटावरून खोडलं, तेही मोठ्यानं वाचून. "मला पैसे नकोत," ती म्हणाली. "कॉलेजचे नकोत, तुमचे नकोत. एका रविवारी या. उभे राहा आणि सांगा, तो प्यायला नव्हता. दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून असतो हो. गात नाही. गळ्याला तर काही झालेलं नाही त्याच्या."

मी म्हटलं, येतो. म्हटलं, जरूर येतो, पण आत्ता नाही. व्हान्सनं बजावलं होतं: बाहेर फुटलं तर ब्रॅडिशवाले तक्रार करतील, सबंध मोसम रद्द होईल, आणि नाव भाड्यानं दिलं म्हणून तुला हाकलतील, पदवी जाईल. "जूनमध्ये पदवी हातात पडली की पहिल्या रविवारी येतो," मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली, शाल आवळली आणि खाली जाऊन बूट घातले. जून आला. पदवी आली. मी पिट्सबर्गची गाडी धरली.

"ब्रॅडिशवाले तक्रार करतील?" लंगडा ओरडला, आणि खानावळीतल्या चार माना वळल्या. "कशाच्या तोंडानं रे करणार होते? मी कोण होतो तुला ठाऊक आहे का? मी पोलादाच्या भट्टीवरचा माणूस, डॅन मॅक्गर्क. आजवर कॉलेजची पायरी चढलेलो नाही. ब्रॅडिशच्या यादीत मी एडमंड सेयर होतो. धर्मशास्त्राचा विद्यार्थी! मी!" तो हसला नाही. "त्या दिवशी सकाळी तुमचा मॅनेजर आणि आमचा मॅनेजर हॉटेलात एका टेबलावर बसून अंडी खात होते. मी शेजारी होतो. उसन्या नावाचे तुमचे दोन, आमचे तीन, कुणी कुणाचा दाखला मागायचा नाही, असं ठरलं. हस्तांदोलन केलं दोघांनी."

दोघांनी अंडी खाल्ली. मी ते वाक्य कितीतरी वेळ चघळत बसलो. म्हणजे व्हान्सला ठाऊक होतं. माझ्या डोक्याला पट्टी बांधताना ठाऊक होतं, ब्रॅडिशचं नाव काढून मला भेडसावताना ठाऊक होतं. ज्या बागुलबुवाला भिऊन मी एका माणसाला पाच वर्षं भिंतीकडे तोंड करून ठेवलं, तो बागुलबुवाच नव्हता. डोक्यात अशी तिडीक गेली की समोरची बशी भिंतीवर फेकावी. व्हान्सला शोधून काढावा, त्याच्या दारात उभं राहून बोंब मारावी. आणि मग, त्या रागाच्या ऐन भरात, मला दिसलं की मी पुन्हा तेच करतोय. व्हान्सच्या आड लपतोय. ब्लॉडवेननं व्हान्सला विचारलंच नव्हतं. तिनं मला विचारलं होतं. बरं, जूननंतर कसली भीती होती? जूननंतर तर कुणी काही करू शकत नव्हतं. जूननंतर फक्त लाज होती, आणि माझी लाज मला त्याच्या पाठीच्या कण्याहून मोलाची वाटली. "जिवंत आहे का तो?" डॅननं विचारलं. ठाऊक नाही, मी म्हटलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी नजर सूपात घातली. सूपावर साय धरली होती. "उद्या रविवार आहे," डॅन म्हणाला. "गाडी किती वाजता असते?"

चॅपेल टेकडीच्या पायथ्याशी, आत ओल्या लोकरीचा आणि साबणाचा वास. आम्ही मागल्या बाकावर बसलो. गाणं त्यांच्या भाषेत सुरू झालं, ऑर्गन नव्हता, आणि खालचा आवाज कुठंतरी कमी पडत होता. सुरांतलं काही न कळणाऱ्या माझ्यासारख्यालाही ते कळलं. ब्लॉडवेन चौथ्या ओळीत एकटी बसलेली. प्रवचन संपलं आणि डॅननं मला कोपरानं ढोसलं. मी उभा राहिलो. दोन्ही पायांवर, या वेळी जिन्यात काही ठरवलं नव्हतं. मी सांगितलं. लायमन प्रॅट मी. तो खेळला माझ्या नावानं. तो प्यायला नव्हता, डॉक्टरनं पाजली. मी पट्टी बांधून आमेन म्हटलं. सगळं सांगितलं. मग डॅन उठला आणि आपला ताठ पाय बाकाबाहेर काढून म्हणाला, "तो माझ्या अंगावर पडला होता. त्याच्या तोंडाला वास नव्हता. मी शपथ घेतो, माझ्या स्वतःच्या नावानं."

पुढचे एक म्हातारे वडीलधारे वळले. नाकावर निळा डाग, आवाज शांत. "ही बाई तुमच्याकडे आली होती, पाच वर्षांपूर्वी?"

"हो."

"तेव्हा का नाही आलात?"

"पदवी मिळायची होती."

"मग नाही मिळाली?"

"मिळाली," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी मऊ आलं. पाळकाच्या घरात वाढलोय मी, ते मऊ काय असतं मला ठाऊक आहे. ते म्हणायला लागले, "उशिरा का होईना, पण जो माणूस कबूल करतो त्याला..." आणि ब्लॉडवेन उठली. वळून माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, वडीलधाऱ्यांकडेच बघून बोलली. "त्याला इथं कुणीही माफ करायचं नाही. तुम्हीही नाही, काका. आमचा माणूस अजून भिंतीकडे तोंड करून आहे. तुम्ही त्याचं नाव खोडलंत, ते आधी लिहा. माफी आमच्या घरची आहे, आणि आम्ही ती देणार नाही."

म्हाताऱ्यानं पट मागवला, चष्मा लावला आणि उभ्यानंच लिहिलं. टाक कागदावर घासल्याचा आवाज मागपर्यंत आला. गायकांतल्या पुरुषांनी टोप्या उचलल्या. कुणी काही ठरवल्यासारखं दिसलं नाही, पण सगळे दारातून बाहेर पडून टेकडीच्या वाटेला लागले, गॉमरच्या घराकडे. ब्लॉडवेन दारात थांबली, डॅनकडे बघून म्हणाली, "चढ आहे. जमेल ना पायाला? धरा खांदा," आणि त्यानं तिचा खांदा धरला. मला कुणी चल म्हटलं नाही.

मी बाकावर बसून राहिलो. थोड्या वेळानं वरून गाणं ऐकू आलं. एकदा संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि त्यात खालचा आवाज नव्हता. ते थांबले नाहीत. तिसऱ्यांदा म्हणायला लागले.